लॅबमध्ये नीट चालणारं यूएसबी साइटवर मधूनच तुटतं. ड्रायव्हर बदलावा का?

तुमच्या प्रश्नातून मला कळलं ते असं: एआरएम बोर्डवर लिनक्स, त्याला एक यूएसबी-सिरीयल कनव्हर्टर आणि एक 4जी डोंगल (यूएसबीला लावायचा मोबाइल-इंटरनेटचा मॉडेम). लॅबमध्ये सगळं सुरळीत, साइटवर मात्र दोन्हींपैकी एखादं मधूनच गायब होतं आणि रीबूट केल्यावर परत येतं.

ड्रायव्हरला इतक्यात हात लावू नका. मी गोव्यात असेच गेटवे (साइटवरचा डेटा नेटवर्कवर पाठवणारे बोर्ड) बसवायची आणि सांभाळायची कामं करतो. माझ्या अनुभवात ‘मधूनच’ म्हणून आलेल्या तक्रारीच्या मागे बहुतेक वेळा एखादी ठरावीक घटना असते. ती कोणती हे कळेपर्यंत कोड बदलला, तर काय सुधारलं आणि कशामुळे सुधारलं हे शेवटपर्यंत कळत नाही.

पहिलं काम लॉग वाचवण्याचं. बऱ्याच बोर्डांवर लॉग रॅममध्येच असतो. डिव्हाइस गेलं की साइटवरचा माणूस आधी पॉवर बंद-चालू करतो आणि पुरावा तिथेच पुसला जातो. जर्नल, म्हणजे हाच लॉग, फ्लॅशवर कायम राहील अशी सोय करा आणि बोर्डचं घड्याळ बरोबर ठेवा. वेळ चुकीची असेल तर पुढचं काहीच जुळणार नाही.

मग डीमेसेजमध्ये, म्हणजे कर्नेलच्या (लिनक्सच्या गाभ्याच्या) संदेशांमध्ये, तुटण्याच्या अगदी आधीची ओळ बघा. नंतर एररचा पाऊस पडतो, त्याला फारशी किंमत नाही. नुसतं ‘यूएसबी डिसकनेक्ट’ आलं असेल, तर हबच्या (ज्याच्या पोर्टमध्ये डिव्हाइस लागतं त्याच्या) दृष्टीने डिव्हाइस खरोखरच निघून गेलं: त्याचा सप्लाय बसला, ते आतून रीसेट झालं किंवा कनेक्टर हलला. आधी उणे 71 हा एरर कोड येत असेल, तर डिव्हाइस बहुधा जागेवर आहे, पण तारेवरचं बोलणं बिघडलंय किंवा उत्तर वेळेत येत नाहीये. उणे 110 म्हणजे वाट बघून टाइमआउट झाला. ही तिसरी खूण एकटी फारसं सांगत नाही, कारण तिच्यामागे काहीही असू शकतं.

आणखी एक ओळ आहे, ती दिसली तर मी लगेच साइट बघायला निघतो. ‘डिसेबल्ड बाय हब’ असं लिहून कर्नेल पुढे स्वतःच प्रश्नचिन्ह टाकून ईएमआयचा (बाहेरच्या विद्युतचुंबकीय अडथळ्याचा) संशय घेतं आणि पोर्ट पुन्हा चालू करायला जातं. डिव्हाइस जोडलेलंच आहे, पण हबने पोर्ट बंद केला, असा त्याचा अर्थ. मासळीच्या जेटीजवळच्या एका बर्फाच्या कारखान्यात आम्हाला हीच ओळ सापडली. तापमानाचे सेन्सर यूएसबी-सिरीयलवरून वाचले जात होते आणि ते दिवसातून केव्हाही तुटायचे. पण जून-जुलैमध्ये तक्रार जवळजवळ थांबली. गोव्यात 1 जून ते 31 जुलै ट्रॉलरना मासेमारीबंदी असते, तेव्हा बर्फाला मागणी नसते आणि कॉम्प्रेसर क्वचितच चालतो. ऑगस्टमध्ये ट्रॉलर समुद्रात गेले आणि तक्रार परत आली. त्या दोन महिन्यांत कोणी कर्नेल अपडेट केलं असतं, तर सगळं श्रेय त्या अपडेटला गेलं असतं. डीमेसेजच्या वेळा कॉम्प्रेसरच्या पॅनेलशी ताडून पाहिल्या तेव्हा दिसलं, की कॉन्टॅक्टर (कॉम्प्रेसरची वीज जोडणारा-तोडणारा मोठा स्विच) सुटतो त्याच क्षणी पोर्ट पडतो. यूएसबीची केबल पॉवरच्या केबलसोबत एकाच ट्रेमधून नेली होती. कॉन्टॅक्टरच्या कॉइलवर आरसी स्नबर (व्होल्टेजची उसळी शोषणारी रेझिस्टर-कपॅसिटरची जोडी) लावला, केबल वेगळ्या वाटेने आणि आखूड केली, कनव्हर्टरच्या आधी आयसोलेटर (दोन्ही बाजू विजेच्या दृष्टीने वेगळ्या ठेवणारा) घातला. ड्रायव्हरची एकही ओळ बदलावी लागली नाही. एक लक्षात ठेवा: स्वस्तातले आयसोलेटर बहुधा फुल स्पीडपर्यंतच, म्हणजे 12 मेगाबिटपर्यंतच चालतात. नेहमीच्या सिरीयल कनव्हर्टरला तेवढं पुरतं, 480 मेगाबिटवर बोलणाऱ्या डोंगलला पुरत नाही.

तुमच्या डोंगलबाबत मला सप्लायचा संशय जास्त आहे. यूएसबी 2.0 चा पोर्ट 500 मिलिअँपिअरची हमी देतो. आता गोव्यातल्या साखळी-वाळपईच्या पलीकडच्या एखाद्या डोंगराळ जागी सिग्नल कमकुवत झाला, मॉडेम 2जीवर उतरला आणि पूर्ण ताकदीने ट्रान्समिट करू लागला असं समजा. जीएसएमचा, म्हणजे 2जीचा, एक स्लॉट (ट्रान्समिट करायची पाळी) 577 मायक्रोसेकंदांचा असतो आणि साधारण दर 4.6 मिलिसेकंदांनी परत येतो. तेवढ्या वेळात मॉडेमचा आतला भाग 2 अँपिअरपर्यंत खेचू शकतो. लॅबमध्ये टॉवर जवळ असतो, म्हणून तिथे हे कधी दिसतच नाही. मल्टिमीटर सरासरी दाखवतो, त्यामुळे तो आरामात 5 व्होल्ट दाखवेल. ऑसिलोस्कोप हवा. प्रोब डोंगलच्या अगदी पायाशी लावा, ट्रिगर 4.75 व्होल्टच्या उतरत्या कडेवर सिंगल मोडमध्ये ठेवा आणि मॉडेमला बोलायला लावा. व्होल्टेज खाली जाताना दिसलं, तर डोंगलला स्वतंत्र सप्लाय आणि जवळ मोठा कपॅसिटर द्या. बारीक तारांची लांब केबल आधी फेकून द्या.

किनाऱ्यालगतच्या साइटवर कनेक्टरही उघडून बघा. खाऱ्या हवेने पिनांवर हिरवट थर चढतो आणि पावसाळ्यात तो आणखी त्रास देतो.

डिव्हाइस थोडा वेळ गप्प राहिल्यावरच्या पहिल्याच कमांडला अडत असेल, तर ऑटोसस्पेंड (रिकामं डिव्हाइस झोपवण्याची कर्नेलची सोय) बघा. सिसएफएसमध्ये (/sys खाली) त्या डिव्हाइसच्या ‘पॉवर’ फोल्डरमधली ‘कंट्रोल’ फाइल ‘ऑटो’ असेल, तर तिच्यात ‘ऑन’ लिहा आणि पुन्हा तपासा. हे पाच मिनिटांचं काम आहे.

एवढं सगळं स्वच्छ निघालं, म्हणजे डिसकनेक्ट नाही, उणे 71 नाही, सप्लाय ठीक, तरी डेटा चुकीचा येतो किंवा अडकतो, तर ड्रायव्हरवर संशय घेणं रास्त आहे. तिथे यूएसबीमॉन (यूएसबीवरच्या देवाणघेवाणीची नोंद ठेवणारी कर्नेलची सोय) चालू करा आणि त्याचं कॅप्चर वायरशार्क या प्रोग्रॅममध्ये उघडा. प्रत्येक यूआरबीची (ड्रायव्हरने दिलेल्या एका यूएसबी विनंतीची) एक नोंद ती सोपवल्याची आणि एक ती परत आल्याची असते. बल्क-इनची (डिव्हाइसकडून डेटा मागणारी) यूआरबी बराच वेळ परत आली नाही तर घाबरू नका, डिव्हाइसकडे द्यायला काही नसेल तर असंच होतं. बल्क-आउट (डिव्हाइसकडे डेटा पाठवणारं) लटकून राहिलं तर मात्र खोलात जा. यूएसबीमॉन ड्रायव्हर आणि होस्ट कंट्रोलर यांच्यामधलंच दाखवतं. तारेवरचे नॅक (डिव्हाइसची ‘आत्ता नाही’ अशी उत्तरं) आणि पुन्हापुन्हा केलेले प्रयत्न त्यात दिसत नाहीत. त्यासाठी हार्डवेअर अ‍ॅनालायझर लागतो.

‘लॅपटॉपवर चालतं, बोर्डवर नाही’ असा प्रकार असेल आणि ड्रायव्हर कोणा व्हेंडरने दिलेला असेल, तर त्यातले बफर तपासा. लॅपटॉपच्या प्रोसेसरमध्ये डीएमए (प्रोसेसरला वगळून थेट मेमरीशी होणारी देवाणघेवाण) आणि कॅशे (प्रोसेसरची जवळची जलद मेमरी) यांचा मेळ हार्डवेअर राखतं, पुष्कळ एआरएम चिपमध्ये तो राखला जात नाही. बफर स्टॅकवर घेतला असेल किंवा एखाद्या स्ट्रक्टमध्ये इतर फील्डला चिकटून एकाच कॅशे लाइनमध्ये बसला असेल, तर कधीतरी एखादा बाइट जुनाच राहतो. तोही फक्त लोड असताना, आणि प्रिंट टाकली की वेळ बदलून दोष लपतो. केमॅलॉकने (कर्नेलकडून मेमरी मागणाऱ्या फंक्शनने) वेगळा बफर घ्या आणि डीएमए एपीआय डीबग व केसॅन ही डीएमएच्या व मेमरीच्या चुका पकडणारी साधनं चालू करून कर्नेल बनवा. त्यानंतर डिव्हाइसची ‘ऑथराइज्ड’ फाइल डेटा चालू असतानाच रात्रभर 0 आणि 1 करत राहा, म्हणजे डिव्हाइस तोडत-जोडत राहा. डिसकनेक्टच्या वाटेवर यूआरबी थांबवण्याआधीच मेमरी मोकळी केली असेल, तर ती चूक सकाळपर्यंत बहुधा पकडली जाते.

रीबूटशिवाय परत येत नाही याचं कारण कदाचित तुमच्या अ‍ॅप्लिकेशनमध्ये असेल. डिव्हाइस तुटलं तरी अ‍ॅपने जुना पोर्ट उघडाच ठेवला, तर परत आलेल्या डिव्हाइसला टीटीवाय-यूएसबी 0 मिळत नाही, 1 मिळतो, आणि अ‍ॅप जुन्याच नावाकडे बघत बसतं. वाचताना एरर आली की पोर्ट बंद करा आणि ‘बाय-आयडी’ खालच्या नावाने पुन्हा उघडा. मॉडेम आतूनच गोठला तर याचा उपयोग नाही, त्याची पॉवरच तोडावी लागते. हबला प्रत्येक पोर्टची पॉवर वेगळी तोडता येत असेल तर सॉफ्टवेअरने भागेल, पण अनेक हबमध्ये ती सोय नसते. बोर्डची पुढची आवृत्ती काढणार असाल, तर डोंगलच्या 5 व्होल्टवर जीपीआयओने (सॉफ्टवेअरने चालू-बंद करता येणाऱ्या पिनने) चालणारा एक लोड स्विच आत्ताच घालून ठेवा.