शेजारी बसल्याशिवाय पुस्तक उघडत नाही

प्रश्न : मुलगा चौथीत आहे. रोज सहा ते आठ मी शेजारी बसते, चुकलं की लगेच खोडायला लावते. ऑफिसातून कॅमेऱ्यावर बघते. मी उठले की त्याची पेन्सिल थांबते. पुढच्या वर्षी पाचवीचं बोर्ड. फाउंडेशन क्लास लावू का?
– एक आई, लोकमान्यनगर, इंदूर

उत्तर : ताई, क्लास नको. मध्य प्रदेशात पाचवीची परीक्षा आता पुन्हा बोर्डाच्या धर्तीवर होते खरी, पण पाठ्यपुस्तक नीट झालं असेल तर त्या परीक्षेला फाउंडेशन लागत नाही.

तुमच्या घरात चूक शोधायचं काम तुमच्याकडे आणि हात चालवायचं त्याच्याकडे, अशी वाटणी झाली आहे. मग तुम्ही उठल्यावर तो थांबणारच. लक्ष ठेवणं वाईट नाही. वेळ-जागा ठरलेली असणं आणि झालेलं काम कोणीतरी बघणं मुलाला हवंच असतं. बिघडतं ते काम चालू असताना टोकल्याने. ग्रोलनिक आणि रायन या मानसशास्त्रज्ञांच्या १९८९च्या अभ्यासात, ज्या घरांत मुलांना थोडं स्वतः ठरवू दिलं जात होतं, तिथली मुलं अभ्यास जास्त आपणहून करताना दिसली. आणि दोन तास? दप्तराचं ओझं कमी करण्यासाठीच्या केंद्र सरकारच्या २०२०च्या दप्तर धोरणात तिसरी ते पाचवीला गृहपाठ आठवड्याला जास्तीत जास्त दोन तास आहे!

कॅमेरा आजच बंद करा. पहिला आठवडा त्याच खोलीत बसा, पण स्वतःचं काम घेऊन. आधी काय करायचं, गणित की हिंदी, हे तो ठरवेल. पुढच्या आठवड्यात दुसऱ्या खोलीत जा. वही शेवटी एकदाच, दहा मिनिटं बघा. चूक दाखवू नका. ‘या पानावर तीन आहेत, शोध’ एवढंच म्हणा. वजाबाकीत हातचा चुकत असेल तर त्या दिवशी तेवढंच. अक्षराचा विषय काढू नका. मार्कांमागे पैसे तर अजिबात नकोत.

दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात वही अर्धवट जाईल, शाळेच्या ग्रुपवर मॅडमचा मेसेज येईल. बहुतेक घरं इथेच पुन्हा शेजारी खुर्ची ओढतात. त्यापेक्षा मॅडमना आधीच सांगून ठेवा, आणि अपुऱ्या वहीचं उत्तर त्यालाच देऊ द्या.

एक मात्र बघा. शेजारी बसूनही वाचताना ओळ सुटते, अक्षरं उलटी पडतात, फळ्यावरचं उतरवता येत नाही, असं असेल तर आधी डोळे तपासा. ते ठीक निघाले तर बालरोगतज्ज्ञांना विचारून शिकण्यातल्या अडचणींची चाचणी करून घ्या. तसं काही असेल तर वरचे उपाय पुरणार नाहीत.