वर्गातलं दशकांचं संग्रहालय: पहिल्यांदा करताय?

ताई, मुलांचा एकेक गट एकेका दशकाचं टेबल मांडणार, तर अख्खं विसावं शतक मांडायला जाऊ नका, चार दशकं पुरेत. वाटणी चिठ्ठ्या टाकून करा. निवड मुलांवर सोडली की निम्मा वर्ग १९६९ च्या चांद्रमोहिमेवर निघतो आणि १९३० च्या मंदीकडे कोणी फिरकत नाही!

- गटाला विषय नको, प्रश्न द्या. ‘१९५० चं दशक’ म्हटलं की नुसती चित्रं चिकटतात. ‘अमेरिकेतल्या माँटगोमेरी शहरातल्या कृष्णवर्णीयांनी बसमधल्या वर्णभेदाविरुद्ध बहिष्कार टाकून ३८१ दिवस बसशिवाय कसे काढले?’ विचारलं की नकाशा, झिजलेले बूट, एकमेकांना गाडीतून नेण्याची व्यवस्था असं मुलांनाच सुचतं.
- माहितीची पाटी तीन-चार ओळींची, त्यांच्याच शब्दांत.
- आजीआजोबांच्या वस्तूंचे फोटोच आणायला सांगा.

दिवे, ध्वनिफिती पुढच्या वर्षी. आधी टेबलं लावून मधून चालायला वाट उरते का, ते बघा.