फिनलंडची पहिली महिला मंत्री कोण? ती मंत्रिपदापर्यंत कशी पोहोचली?

मीना सिल्लानपॅ, सोशल डेमोक्रॅटिक पक्षाच्या. जन्म १८६६. बाराव्या वर्षी फोर्साच्या कापड गिरणीत कामाला लागल्या, पुढे हेलसिंकीत मोलकरीण म्हणून राबल्या. खरी घडण झाली ती १८९८मध्ये सुरू झालेल्या मोलकरणींच्या संघटनेत. कामाचे तास आणि पगार यांसाठी त्या तिथूनच भांडल्या. १९०६मध्ये स्त्रियांना मतदानाचा आणि निवडणूक लढवण्याचा हक्क मिळाला. १९०७च्या निवडणुकीत २०० जागांवर १९ स्त्रिया आल्या, त्यांत या होत्या. मंत्रिपद मात्र डिसेंबर १९२६मध्ये, वैनो टॅनर यांच्या अल्पमतातल्या सरकारात. तेही समाजकल्याण खात्याचं दुय्यम! सरकार वर्षभरात पडलं, पण खासदारकी मधले खंड वगळून एकूण ३८ वर्षं टिकली.