लेहऱ्याची साथ

पुणे

प्रिय,
अनेक आशीर्वाद.

मित्रांच्या गेमसाठी केलेले तुझे तिन्ही ट्रॅक काल रात्री हेडफोन लावून ऐकले. चाली सुरेख आहेत. काळजी वाटली ती बासरीच्या त्या तुकड्याची. गेममध्ये ट्रॅक फिरून फिरून वाजतो, आणि हा पहिल्याच फेरीत कानात बसतो.

माझ्या पहिल्या गेमला मी असाच दीड मिनिटाचा तुकडा दिला होता. कोथरूडच्या फ्लॅटवर शेजारच्या मुलाला खेळायला बसवलं, तर तो एका पुलापाशी वीस मिनिटं अडकला. तेवढ्यात माझी बासरी तेरा वेळा वाजली असती. सातव्या फेरीला त्याने पडद्यावरची नजरही न हलवता हात लांब केला आणि आवाज बंद केला.

सवाई गंधर्व महोत्सवात तबल्याचं एकल वादन ऐकलं असशील. पेटीवाला तोच १६ मात्रांचा लेहरा, म्हणजे पुन्हापुन्हा वाजणारी छोटी धून, धरून बसतो, तरी कुणी कंटाळत नाही, कारण तो तबल्याला जागा देतो आणि सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, तेवढी दर आवर्तनाला चोख दाखवतो. गेममध्ये तबलजी म्हणजे खेळणारा. आपण पेटीवर.

म्हणून बासरी फेकू नकोस, वेगळ्या थरात ठेव. आधारस्वर, ठेका आणि धून यांचे स्टेम, म्हणजे वेगवेगळे ध्वनिमुद्रित थर, एकाच लांबीचे, एकाच लयीत काढ. एफमॉडमध्ये, म्हणजे गेमचा आवाज जुळवायच्या सॉफ्टवेअरमध्ये, ते एकदमच सुरू करायचे आणि प्रसंगानुसार एकेकाचा आवाज उघडायचा. गणपतीआधी नदीकाठी ढोल पथकांचा सराव चालतो, तिथे जाऊन उभं राहा. ढोल थांबतात, पुन्हा येतात. ताशा लय सोडत नाही.

लूपचा सांधा, म्हणजे ट्रॅक संपून पुन्हा सुरू होतो ती जागा, मात्र जीव लावून कर. शेवटच्या सुराची रिव्हर्बची (घुमाऱ्याची) शेपटी कापू नकोस, ती उचलून सुरुवातीवर मिसळ. नाहीतर दर फेरीला आवाज क्षणभर कोरडा पडतो. एमपी३ देऊ नकोस; त्या फाइलच्या टोकांना बारीकशी शांतता चिकटते आणि सांधा अडखळतो. वेव्ह किंवा ऑग दे.

आणि करार लेखीच. कॉपीराइट कायदा, १९५७ प्रमाणे हक्क दुसऱ्याला द्यायचे तर सहीनिशी कागद लागतो. त्यात मुदत लिहिलेली नसेल तर ती ५ वर्षं धरतात. साउंडट्रॅक स्वतंत्रपणे विकायचा हक्क स्वतःकडे ठेवता येतो का, हे आधीच बोलून घे. मित्रांचा गेम असला तरी.

रविवारी बिल्ड, म्हणजे गेमची आत्ताची खेळता येणारी प्रत, घेऊन घरी ये. बासरीचा थर बंद ठेवून वीस मिनिटं खेळू.

तुझा,
दादा