ब्लॉग लिहायचा, पोस्ट टाकायची

प्रश्न असा आला आहे: ‘ब्लॉगला मराठीत अनुदिनी म्हणावं की जालनिशी? आणि ब्लॉग आपण लिहितो, मग पोस्ट “टाकतो” असं का म्हणतो?’

आधी मूळ शब्द उकलू. जहाजाचा वेग मोजायला खलाशी दोरी बांधलेला लाकडाचा तुकडा पाण्यात सोडत. तो ‘लॉग’. दोरीला सारख्या अंतरावर गाठी असत; ठरलेल्या वेळात किती गाठी हातातून सुटल्या, त्यावरून वेग कळे. (‘नॉट’ म्हणजे हीच गाठ.) ते आकडे ज्या वहीत उतरवत, ती लॉगबुक. १९९७ साली जॉर्न बार्गर यांनी ‘वेबलॉग’ हा शब्द वापरात आणला आणि १९९९मध्ये पीटर मेरहोल्झ यांनी गमतीनं तो ‘वी ब्लॉग’ असा तोडला. म्हणजे ब्लॉगच्या तोंडचा ‘ब’ हा ‘वेब’चा शेपटाचा तुकडा!

तारीखवार नोंदींची वही म्हटल्यावर मराठी माणसाला रोजनिशीच आठवणार. यातल्या ‘निशी’चा रात्रीशी काही संबंध नाही, जरी रोजनिशी बहुतेक जण रात्रीच लिहीत असले तरी. फारसीत ‘नवीस’ म्हणजे लिहिणारा. चिटणीस, फडणवीस यांच्यात तोच बसला आहे. रोजनिशीवरून जालनिशी. संस्कृत जाल आणि फारसी निशी असा संसार आहे, पण मराठीत असे संसार सुखाने चालतात. ‘अनुदिनी’चं मला तितकंसं पटत नाही. हा शब्द मुळात ‘दररोज’ या अर्थाचं क्रियाविशेषण. करुणाष्टकांतलं ‘अनुदिनीं अनुतापें’ कानात बसलेलं असताना त्याचं नाम करणं जड जातं. शिवाय दररोज लिहिणारे ब्लॉगर आहेत किती? माझं मत जालनिशीला. बोलताना मात्र मीही ब्लॉगच म्हणतो.

एक चूक अलीकडे फार दिसते. ‘आज नवा ब्लॉग लिहिला’ असं म्हणतात, तेव्हा लिहिलेला असतो एकच लेख. ब्लॉग ही अख्खी वही. तिच्यातलं एक पान म्हणजे नोंद किंवा पोस्ट.

आता ‘टाकणे’. खरी गंमत इथे आहे. ब्लॉग लिहितात किंवा चालवतात. समाजमाध्यमांवर मात्र पोस्ट टाकतात, स्टेटस ठेवतात, स्टोरी टाकतात, आलेला मजकूर पुढे ढकलतात. (ईमेलच्या काळात अशा मजकुराला ‘ढकलपत्र’ हा झकास शब्द निघाला होता.) या सगळ्या यादीत ‘लिहिणे’ कुठेच नाही, कारण लिहिणं सक्तीचं उरलेलं नाही: फोटो टाकता येतो, दुसऱ्याचं टाकता येतं. ब्लॉगवर वाचक स्वतः शोधत येऊन वाचायचा. इथे वाहत्या प्रवाहात आपलं काहीतरी सोडून द्यायचं असतं. ‘टाकणे’ त्याला चपखल बसतं. पत्रही आपण पेटीत टाकतच होतो, पण टाकण्याआधी ते लिहावं लागे. अजूनही कोणी तीन-चार परिच्छेद मन लावून लिहिले की लोक आपसूक म्हणतात, ‘छान पोस्ट लिहिलीय’. क्रियापदाला फरक बरोबर कळतो.

जाता जाता ‘पोस्ट’ची दोन रूपं बघा. टपालाचं पोस्ट नपुंसकलिंगी आणि पुरतं मराठी झालेलं: ‘पोस्टात गेलो’, ‘पोस्टाचं तिकीट’. नवी पोस्ट स्त्रीलिंगी, कदाचित ‘नोंद’ किंवा ‘चिठ्ठी’च्या ओढीनं. तिला सामान्यरूप अजून चिकटलेलं नाही, म्हणून ‘पोस्टमध्ये’, ‘पोस्टचा’. ‘त्यानं पोस्टात लिहिलंय’ म्हटलं, तर माणूस टपाल कचेरीत बसून लिहीत होता असं वाटेल. ‘ब्लॉगवर’चंही तेच, ‘ब्लॉगावर’ क्वचित ऐकू येतं. अनेकवचन ‘पोस्टी’ असं काही जण थट्टेनं करतात. मला ते ‘पोस्ट्स’पेक्षा आवडतं.