'रेकॉर्ड उपलब्ध नाही' म्हणाले? आधी अर्जातला नंबर बघा

पुण्यातल्या शनिवार पेठेतल्या वाड्याचा अभ्यास, त्याच्या मिळकत पत्रिकेसाठी (जागेच्या मालकीची नोंद असलेला सरकारी कागद) कॉलेजचं पत्र, चार चकरा आणि शेवटी 'रेकॉर्ड उपलब्ध नाही'. शिवाय वाड्यातली माणसंही बोलायला तयार नाहीत. तुमची पोस्ट वाचून पोटात गोळाच आला. दहाएक वर्षांपूर्वी आम्ही चौघी अगदी इथंच अडकलो होतो.

पत्र, ओळखपत्र वगैरे तुम्हाला कळतंच, ते सोडते. एकच विचारते: अर्जात नंबर कुठला टाकलात? दारावरच्या पाटीवरचा? तो घर नंबर, महापालिकेच्या घरपट्टीचा. मिळकत पत्रिका निघते सिटी सर्व्हे नंबरवर (शहरातल्या जमीन-मोजणीत त्या जागेला दिलेला नंबर), आणि दोन्हींचा एकमेकांशी काही संबंध नसतो. आम्ही घर नंबर टाकला. खिडकीवरच्या साहेबांनी अर्ज घेतला, शिक्का मारला, 'पंधरा दिवसांनी या.' गेलो, तर उपलब्ध नाही. परत अर्ज, परत तोच नंबर, परत पंधरा दिवस. अडीच महिने गेले. नंबर चुकलाय हे त्यांना पहिल्याच दिवशी दिसलं असणार (हा माझा तर्क), पण तेवढं एक वाक्य बोलायला कुणाची जीभ उचलली नाही. कार्यालयाचं नाव घेत नाही. सगळीकडे असंच असतं असंही नाही, आणि मूळ चूक आमचीच.

सुटका केली वाड्यातल्या आजींनी. पहिल्या भेटीत त्यांनी दार अर्धंच उघडलं होतं, 'बिल्डरकडून आलात का?' म्हणून. येणारच संशय. आम्ही वही काढून पहिलाच प्रश्न टाकला होता, 'मालक कोण?' ज्या वाड्यात मालक-भाडेकरूंचा दावा वर्षानुवर्षं चाललाय, तिथं हे विचारायचं? दुसऱ्यांदा गेलो तेव्हा वही पिशवीतच ठेवली. म्हटलं, आजी, पानशेतचं धरण फुटलं त्या पुराच्या वेळी पाणी कुठवर आलं होतं? १२ जुलै १९६१ची ती सकाळ सांगताना दोन तास गेले, चहा झाला आणि मग पलंगाखालची ट्रंक निघाली. त्यात दाव्याचे कागद, मिळकतीच्या वर्णनात सिटी सर्व्हे नंबर (सि. स. नं.) आणि चतुःसीमा, म्हणजे चारी बाजूंना काय आहे ते, अगदी स्पष्ट. नव्या अर्जावर आठवड्यात नक्कल हातात! (पुरात कागद गेलेलीही घरं आहेत. ते कळलं की फार खोदू नका.)

तुमच्या पोस्टखाली कुणी 'मोडी (जुन्या कागदांची लिपी) शिका, पेशवे दफ्तर (पेशवेकाळातल्या कागदांचा संग्रह) बघा' म्हटलंय. जरूर शिका, पण माझ्या मते ही सुरुवात नव्हे. बरेच वाडे आज दिसतात त्या रूपात इंग्रजी अमदानीतले. आधी १८८५च्या गॅझेटिअरचा (इंग्रज सरकारचा जिल्ह्याच्या माहितीचा ग्रंथ) पुणे शहराचा भाग वाचा, त्यात पेठवार माहिती आहे. दफ्तरात गेलातच, तर पेठांची जुनी नावं जवळ ठेवा, रविवार पेठ म्हणजे मलकापूर. आणि कागदावर शुहूर सन (जुन्या मराठी कागदांतली एक कालगणना) असेल तर इसवी सनासाठी त्यात ५९९ किंवा ६०० मिळवा, महिन्याप्रमाणे. आमच्यातली एक ५७८ मिळवून बसली होती. मी इतिहासाची नाही, तेव्हा जाणकारांनी चुकलं तर सांगावं.

नकलेच्या शुल्काच्या पावत्या जपून ठेवा, कॉलेज पैसे परत देतं म्हणतात. आमच्या कॉलेजनं अजून दिलेले नाहीत.