ध्रुवावरचा पाहुणा अंडी कुठं घालतो?

प्रश्न: आर्क्टिक टर्न हा समुद्रपक्षी एवढा लांब अंटार्क्टिकाला जातो, मग अंडी तिथंच का नाही घालत?

उत्तर: कारण त्याला दोन्हीकडचा उन्हाळा पाहिजे असतो, हावराच म्हणा ना! अंडी घालतो ती उत्तर ध्रुवाकडच्या भागात; तिथं जूनमध्ये सूर्य मावळतच नाही, त्यामुळे पिल्लांना जवळपास दिवसरात्र मासे भरवता येतात, वाळूत नाहीतर खडीत नुसता खळगा केला की झालं घरटं, आणि कुणी जवळ गेलं तर सरळ डोक्यात चोच मारतो, रक्त येईपर्यंत. दक्षिणेत जातो ते बर्फाच्या कडेला खायला आणि पिसं बदलायला. २०१० साली आलेल्या अभ्यासात ग्रीनलंडच्या पक्ष्यांच्या पायाला १.४ ग्रॅमचे लॉगर, म्हणजे प्रवासाची नोंद ठेवणारी यंत्रं, लावलेले, वर्षाचा प्रवास भरला साधारण ७० हजार किलोमीटर, पक्षी जेमतेम १०० ग्रॅमचा! परतताना तर सरळ न येता वाऱ्याच्या कलानं वळसे घेत येतो.